उशिरा शिकलेल्या बाईंची शाळा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कॉलेजात ‘उल्लास’चं नाव एव्हाना येऊन गेलं असेल. केंद्र सरकारचा हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा आहे. पंधरा वर्षांपुढच्या ज्या माणसांची शाळा झालीच नाही किंवा अर्ध्यावर सुटली, त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं. शिकवणारे मात्र पगारी मास्तर नाहीत, स्वयंसेवक आहेत. म्हणजे एनएसएसची मुलं, डीएडच्या मुली, शेजारची शिकलेली सून, आणि तुम्ही.

आता अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात राहणाऱ्यांनी जरा आपल्याच बाजारात डोकावून बघा. मासळी घेऊन बसलेली एखादी मावशी वाट्याचा भाव, गिऱ्हाइकाने पाडून मागितलेली किंमत, परत द्यायचे सुट्टे असा सगळा हिशोब तोंडी करते. तुम्ही मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तिने पिशवी तुमच्या हातात दिलेली असते. तीच मावशी बँकेत गेली की फॉर्म दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे सरकवते. चष्मा घरी राहिला, असं सांगते. तुम्हालाही कळतं आणि तिलाही कळतं की प्रश्न चष्म्याचा नाही.

उद्या या मावशीसमोर तुम्हाला पाटी घेऊन बसवलं तर पहिल्या दिवशी काय कराल? आणि त्याहून अवघड म्हणजे, ती दुसऱ्या दिवशी परत येईल असं काय कराल?

या प्रश्नाशी शंभर वर्षांपूर्वी एका बाईंनी आयुष्यभर झुंज घेतली. त्यांचं नाव तुम्ही ऐकलंय. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागायची, ती तुम्ही लहानपणी आजीच्या शेजारी बसून पाहिली असेल. त्यातल्या रमाबाई रानडे. मालिकेमुळे त्यांचं बालपण आणि लग्न घराघरांत पोचलं. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा, सगळ्यात कामाचा भाग मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. तो भाग आहे शिक्षक घडवण्याचा.

देवराष्ट्रेची यमुना

२५ जानेवारी १८६२. आजच्या सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव. पुढे यशवंतराव चव्हाणांचा जन्म याच गावात झाला. इथल्या कुर्लेकरांच्या घरात यमुना जन्मली. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मुलींच्या हातात पाटी द्यायची रीत नव्हती. बाई शिकली तर तिच्या कपाळी वैधव्य येतं, अशी समजूत त्या काळी चांगल्या शहाण्यासुरत्या घरांतही घट्ट बसलेली होती. त्यामुळे यमुनेला घरकाम येत होतं, सणवार, कहाण्या, देवाधर्माचं सगळं येत होतं. अक्षर मात्र एकही येत नव्हतं.

१८७३ च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं. ती अकरा वर्षांची, नवरा एकतिसाचा. नवरा म्हणजे महादेव गोविंद रानडे, पुण्यात न्यायाधीश, विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. आता हे विधवेशी लग्न करणार, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला आणि रानड्यांनी मान तुकवली. पुण्यात त्यांची टिंगल झाली, ती पुढे आयुष्यभर पुरली. वडिलांपुढे हरलेल्या या माणसाने मग एक गोष्ट मनाशी पक्की केली. या मुलीला शिकवायचं.

लग्नानंतर अगदी सुरुवातीलाच त्यांनी तिला लिहिता-वाचता येतं का ते विचारलं, आणि येत नाही म्हटल्यावर धडे सुरू केले. यमुनेची आता रमा झाली होती. दिवसभर कोर्ट आणि सभा, रात्री बायकोपुढे मुळाक्षरं, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

अकरा म्हणजे काही प्रौढ वय नव्हे, असं तुम्हाला वाटेल. पण त्या काळाच्या नजरेने बघा. ती आता एका मोठ्या घरची सून होती. शाळेत बसायचं वय, जर मुलींना असं काही वय असेलच, तर ते संपलेलं होतं. पाटीवर अ-आ गिरवणारी सून हा घरात चेष्टेचा विषय होता. रमाबाईंची साक्षरता अशी उशिरा आणि चारचौघांच्या नजरेखाली सुरू झाली.

घरातली परीक्षा

रानड्यांच्या वाड्यात नात्यातल्या बऱ्याच वडीलधाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या काही विधवा होत्या, म्हणजे त्यांच्याही वाट्याला आयुष्याने फार काही दिलेलं नव्हतं. नव्या सुनेच्या हातातलं पुस्तक त्यांना खुपायचं. मोठ्याने वाचलं तर टोमणे, हळू वाचलं तर चोरून काहीतरी करते म्हणून टोमणे. पुढे इंग्रजी सुरू झालं तेव्हा तर कहरच झाला. शिकवायला येणाऱ्या मिस हरफर्ड ख्रिस्ती, त्यामुळे धडा संपला की सोवळ्याओवळ्याचा जाच. शिकायचं ते शिकायचं, वर त्याची शिक्षाही भोगायची.

माहेरून निघताना वडिलांनी मुलीला एक शिकवण दिली होती. सासरी काहीही झालं तरी मुकाट सोसायचं आणि नवऱ्यापाशी कागाळी करायची नाही. रमाबाईंनी ती पाळली. म्हणजे दिवसभर काय काय ऐकून घेतलं ते रात्री शिकवणाऱ्यालाही माहीत नसायचं.

हे एवढं सविस्तर का सांगतोय? कारण मोठ्या वयात शिकणाऱ्याची अडचण निम्मी अक्षराची असते आणि निम्मी आजूबाजूच्या माणसांची. पहिलीतलं पोर चुकीचं वाचतं तेव्हा घर कौतुकाने हसतं. तिशीतली बाई चुकीचं वाचते तेव्हा ते हसणं कौतुकाचं नसतं, आणि तो फरक तिला बरोबर कळतो. रमाबाईंना हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्यांना थोडा मोकळा श्वास मिळाला तो बदलीमुळे. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली, मग धुळ्याला. घरात माणसं कमी, अभ्यासाला वेळ जास्त. नाशिकलाच त्या पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात पाहुण्या म्हणून उभ्या राहिल्या. भाषण नवऱ्याने लिहून दिलेलं होतं, वाचलं मात्र त्यांनी. पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, १८८४ साली सुरू झालं. त्या शाळेची मागणी करणाऱ्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. दहा वर्षांपूर्वी जिला मराठी अक्षर येत नव्हतं, तिने. घरी परतल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तुम्ही आता ओळखू शकता.

मधल्या काळात, १८८२ साली, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. दोघी रमाबाई तिथे भेटू लागल्या. बायकांनी एकत्र बसायचं, वाचायचं, बोलायचं. सभेत जाणाऱ्या बायकांना गावाने नावं ठेवली. पण शिकणाऱ्या बाईला दुसरी शिकणारी बाई शेजारी लागते, हे रमाबाईंना तिथे उमगलं.

न्यायाधीशाचा गुरू न्हावी

एक गोष्ट मला या आयुष्यातली सगळ्यात आवडती वाटते. १८८६ च्या सुमाराला रानडे एका सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्याला गेले. रमाबाई बरोबर होत्या. दारात बंगाली वर्तमानपत्र येई, पण वाचायचं कसं? रानड्यांनी बंगाली पुस्तकं आणली आणि आधी स्वतः शिकायला बसले, म्हणजे मग बायकोला शिकवता येईल. सकाळी दाढी करायला न्हावी यायचा. दाढी चालू असतानाच पुस्तक हातात धरून हा शब्द कसा म्हणायचा, याचा अर्थ काय, असं रानडे त्याला विचारत. न्यायाधीश विचारतोय आणि न्हावी समजावून सांगतोय! रमाबाईंना हसू आवरेना. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. शिकायचं असेल तर गुरूची जात आणि हुद्दा बघायचा नसतो.

ही गोष्ट गंमत म्हणून सोडून देऊ नका. शिकवणाऱ्याने आपल्याला येत नाही असं काहीतरी स्वतः शिकायला घ्यावं, तेही ज्याला आपल्यापेक्षा कमी मानलं जातं अशा माणसाकडून. मग अक्षर समोर असूनही बोलत नाही तेव्हा कसं वाटतं, ते पुन्हा आठवतं. तुम्हाला वाचता यायला लागून बारा-पंधरा वर्षं झाली. न येणं म्हणजे काय हे तुम्ही विसरून गेलात. मराठी पाटी दिसली की ती आपोआप वाचली जाते, न वाचायचं ठरवलं तरी. मावशीला ती पाटी कशी दिसते ते बघायचं असेल तर एखादं तमिळ किंवा बंगाली वर्तमानपत्र समोर धरा आणि चार माणसांसमोर मोठ्याने वाचायचा प्रयत्न करा.

एकटीने उभं राहताना

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि जोडपं मुंबईला आलं. रमाबाईंनी इथे बायकांच्या मंडळात भाषा, शिवण, प्रथमोपचार असे वर्ग चालवायला सुरुवात केली. १६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. मूल नव्हतं. पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर त्यांनी स्वतःला जवळजवळ कोंडून घेतलं.

बाहेर पडल्या त्या कामासाठीच. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष. पुण्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत त्या नेमाने जाऊ लागल्या, वाचून दाखवू लागल्या, बोलू लागल्या. सुधारगृहातल्या मुलांकडे सणासुदीला मिठाई घेऊन जात. दवाखान्यात रुग्णांकडे फळांबरोबर पुस्तकं नेत. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हाही अध्यक्ष म्हणून रमाबाईच पुढे आल्या. आणि २ ऑक्टोबर १९०९ ला पुण्याचं सेवासदन सुरू झालं, ते थेट रानड्यांच्या वाड्यात. ज्या घरात पुस्तक लपवावं लागत होतं, त्याच घरात आता बायका उजळ माथ्याने पाटी घेऊन येऊ लागल्या. सोबतीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर होते. संस्था चालवायची म्हणजे पैसे, हिशोब, सरकारी पत्रव्यवहार. त्यांतला मोठा भार देवधरांनी उचलला.

पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. उशिरा साक्षर झालेल्या बाईने लिहिलेलं ते मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र आहे. कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल, नक्की शोधा.

एका छताखाली दोन वर्ग

आता मुद्द्याचं. सेवासदनमध्ये मोठ्या वयाच्या बायकांसाठी प्राथमिक शिक्षणाचे वर्ग होते. विधवा, टाकलेल्या, लग्न झालेल्या पण कधी शाळेत न गेलेल्या, अशा सगळ्या जणी तिथे बसत. त्याच संस्थेत पुढे शिक्षिका घडवणारं ट्रेनिंग कॉलेजही उभं राहिलं. बाई मोतलीबाई वाडिया यांचं नाव त्याला मिळालं. तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम, शिवाय शिकाऊ शिक्षिकांना प्रत्यक्ष शिकवून बघता यावं म्हणून जोडलेली सरावाची शाळा. नर्सिंगचं शिक्षण, शिवणकाम, संगीत, वसतिगृहं हे सगळं होतंच. १९२४ पर्यंत हजाराहून अधिक बायका-मुली तिथे शिकत होत्या.

पुण्यात शिक्षिकांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज १८७० पासूनच होतं. मग वेगळं कशाला? कारण तिथवर पोचायलाच आधी काही शाळा झालेली असावी लागते, आणि जिची शाळाच बुडाली ती या दारातून आत जाणार कशी? सेवासदनमध्ये खालची पायरी आणि वरची पायरी एकाच जिन्याला होत्या. पंचविशीत अक्षर गिरवायला आलेली बाई तिथेच बघायची की आपल्यासारखीच एक जण पलीकडच्या वर्गात मास्तरीण व्हायला शिकते आहे. आणि मास्तरीण होऊ घातलेलीला रोज दिसायचं की उशिरा शिकणारी बाई कुठे अडते, कशाने लाजते, कशाने खुलते.

मला वाटतं, रमाबाईंच्या कामातली हीच खरी कळ आहे. शिकवायची इच्छा पुरत नाही, शिकवणारा तयार करावा लागतो, आणि तो शिकणाऱ्याच्या शेजारीच तयार होतो. न्यायमूर्तींसारखा माणूस प्रत्येकीच्या नशिबी थोडाच असतो! घरातल्या एका चांगल्या माणसाने जे काम एका बाईसाठी केलं, ते शेकडो जणींसाठी करायचं तर शिक्षिका हव्यात, आणि त्याही शिकून आलेल्या हव्यात.

रमाबाई केवळ वर्गात रमल्या असंही नाही. पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली तेव्हा आधी मुलगे, मुलींचं मागाहून बघू, असा सूर निघाला. त्याविरुद्ध पुण्यातल्या बायका उभ्या राहिल्या, त्यात रमाबाई पुढे होत्या. स्त्रियांच्या मताच्या हक्कासाठीही त्या झगडल्या. एप्रिल १९२४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

शब्द नव्हता, माणसं होती

रमाबाईंच्या वर्गात काही जणी अशाही आल्या असतील, ज्यांना वेळ दिला, माया दिली, तरी अक्षर हाती लागेना. त्यांना काय म्हणत असतील? मठ्ठ. फार तर नशीब. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा जन्मला होता. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी तो १८८७ मध्ये वापरला, आणि १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या, हुशार पण वाचू न शकणाऱ्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या वर्गांपर्यंत ते पोचायला पुढे कित्येक दशकं गेली.

तुम्हाला तो शब्द ‘तारे जमीन पर’मुळे माहीत आहे. २००७ चा सिनेमा. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, पण उच्चारातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षराशी जोडणं मेंदूला जड जातं. बहुधा घराण्यात असतं, आळशीपणाशी संबंध नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता हा प्रकार एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत घेतला. आज शाळकरी मुलाची तपासणी होते, परीक्षेत सवलत मिळते. पण सिनेमातला ईशान लहान होता. ज्यांचं बालपण या सगळ्याच्या आधी संपलं, जे तिसरी-चौथीत मार खाऊन शाळा सोडून बोटीवर गेले, त्यांचं काय? त्यांना कुणी तपासलं नाही. त्यांनी स्वतःविषयी एवढंच ठरवून टाकलं की आपल्याला डोकं नाही.

म्हणून साक्षरता वर्गात बसलेल्या माणसाची अडचण नेमकी कुठली, हे ओळखायला शिकावं लागतं. कुणाची शाळाच झालेली नसते. कुणाला चाळिशीचा चष्मा खरोखरच हवा असतो, आणि तो लावला की महिन्याभरात गाडी रुळावर येते. कुणाला कमी ऐकू येतं. आणि कुणाला आठवडेन्‌आठवडे शिकवूनही काल घोटलेलं अक्षर आज नवं वाटतं. शेवटच्या माणसाला तोच धडा आणखी मोठ्या आवाजात दिला तर काही होत नाही. तिथे पद्धत बदलावी लागते. तुम्ही स्वयंसेवक आहात, डॉक्टर नाही. डिस्लेक्सियाचा शिक्का मारणं तुमचं काम नव्हे. अडचण टिपून ठेवणं आणि जाणकाराला विचारणं, हे मात्र नक्की तुमचं काम.

आपल्या लिपीचे काटेही माहीत हवेत. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ एकमेकांची भावंडं दिसतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘र’ तर बहुरूपीच आहे. ‘दर्या’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘ट्रॉलर’मध्ये पायाशी लोंबतो, ‘सुऱ्या’मध्ये आडवा होतो. तुम्ही हे कधी लक्षपूर्वक पाहिलं नसेल, कारण तुम्हाला ते त्रास देत नाही. ज्याला त्रास देतं त्याला एका बैठकीत एकच काटा दाखवायचा. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवायची नाहीत. आणि अक्षर डोळ्याने बघत, तोंडाने म्हणत, बोटाने गिरवत एकदमच घ्यायचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अशी पद्धत नीट बांधली. आपल्याकडे पूर्वी मुलं धुळाक्षरं गिरवत, तीही बोटानेच. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाळू काही विकत आणावी लागत नाही!

आणि बालवाडीचं पुस्तक तेवढं कृपा करून घरी ठेवा. बदकाचं चित्र आणि त्याखाली ‘ब’ हे पन्नाशीच्या माणसाला शिकवणं नव्हे, चिडवणं आहे. तिच्या रोजच्या शब्दांपासून सुरुवात करा. जाळं, होडी, बाजार, बर्फ, तिचं स्वतःचं नाव, लेकीचं नाव, एसटीची पाटी. प्रत्येक चूक तिथल्या तिथे मोठ्याने सुधारू नका. समोर उभं राहण्यापेक्षा शेजारी बसा. तिच्याऐवजी तुम्ही वाचून टाकू नका, अडली की थांबा, मनात दहा आकडे मोजा. आणि तिच्याकडूनही काहीतरी शिका, मासळीचा ताजेपणा कसा ओळखायचा ते का असेना. कलकत्त्याचा न्हावी आठवतोय ना?

यादीतलं अलिबाग

सेवासदनचं काम पुण्यात थांबलं नाही. सातारा, बारामती, सोलापूर, नगर, नाशिक, थेट ग्वाल्हेर आणि मद्रासपर्यंत शाखा गेल्या. त्या शाखांच्या यादीत आपल्या किनाऱ्यावरचं एक नाव आहे, अलिबाग. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ चं. पुण्याहून इथे यायचं म्हणजे घाट उतरायचा, पेणवरून पुढे धरमतरची खाडी ओलांडायची. पुण्याच्या वाड्यात सुरू झालेल्या कामाला ही खाडी लांब वाटली नाही.

आज पूल आहे, मोबाइल आहे, अ‍ॅप आहे, प्रमाणपत्रही आहे. नसतो तो शिकवणाऱ्याचा सराव. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंत की एक विचारा: आम्हाला शिकवायला कोण शिकवणार? तासाभराची माहितीची सभा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवा, डीएड-बीएडवाल्या मित्रांना बोलवा, अध्ययन अक्षमतेचं काम करणाऱ्या विशेष शिक्षकाला एक दिवस मागून घ्या. दोघा-दोघांची जोडी करा. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मागे बसून फक्त बघायचं आणि नंतर सांगायचं की तू कुठे घाई केलीस. सेवासदनच्या शिकाऊ शिक्षिकांना सरावाची शाळा होती. तुमची तुम्हालाच उभी करावी लागेल.

कारण एखादी मावशी चाळीस वर्षांनी धीर करून पाटीसमोर येते, तेव्हा तिच्यापाशी तो धीर एकदाच असतो. पहिल्या दिवशी आपण हसलो, घाई केली, कंटाळलो, तर ती काही तक्रार करणार नाही. उद्यापासून तिला बाजारात उशीर होईल, एवढंच. रमाबाई टोमणे खाऊनही टिकल्या, कारण रात्री कोणीतरी पाटी घेऊन त्यांची वाट बघत होतं आणि न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगत होतं. त्यांनी पुढे तसं वाट बघणाऱ्या शिक्षिका घडवल्या.

तेव्हा उल्लासचा फॉर्म भरायचा असेल तर जरूर भरा. पण मावशीचा वर्ग सुरू करण्याआधी तुमचा वर्ग भरू द्या.